एक्स गुणसूत्र गप्प कसे होते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, नांदेड, परभणी या भागांत जीवशास्त्र शिकवताना एक्स गुणसूत्राचा विषय निघाला की प्रश्न थांबत नाहीत. बारावीच्या मुलांना परीक्षेपुरते उत्तर हवे असते. पण देवणी जनावरे सांभाळणाऱ्यांचे आणि घरात हिमोफिलियाचा (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराचा) मुलगा असलेल्या आयांचे प्रश्न त्याहून पुष्कळ खोल जातात. असे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

गुणसूत्र गप्प होते म्हणजे नेमके काय होते?

सस्तन प्राण्यांत मादीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात, तर नराच्या पेशीत एक एक्स आणि एक वाय असते. माणसाचे एक्स गुणसूत्र सुमारे १५.५ कोटी क्षारक-जोड्यांचे (डीएनएच्या अक्षर-जोड्यांचे) असून त्यावर प्रथिने घडवणारी ८०० हून अधिक जनुके आहेत. वाय त्यामानाने फारच लहान असते आणि त्यावरची जनुकेही थोडी असतात. एक्सवरच्या बहुतेक जनुकांचा स्त्री-पुरुष भेदाशी संबंध नसतो. रक्त गोठणे, रंग ओळखणे, स्नायू टिकून राहणे, मेंदूची वाढ होणे अशी दोघांनाही सारखीच लागणारी कामे ती करतात. मादीच्या पेशीत दोन्ही एक्स पूर्ण चालू राहिले, तर या प्रथिनांचे प्रमाण नराच्या दुप्पट होईल. उंदरांवरील प्रयोगांत ही व्यवस्था बिघडवली, तेव्हा मादी गर्भ जगू शकले नाहीत. म्हणून गर्भ अगदी लहान असतानाच त्याच्या प्रत्येक पेशीत एक एक्स बंद केला जातो.

बंद होणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. त्या गुणसूत्राचा डीएनए जसाच्या तसा राहतो, पेशी विभागताना त्याची नक्कल होते आणि तो पुढच्या पेशींना मिळतो. फक्त त्याचे वाचन थांबते, आणि ते थांबलेले राहावे यासाठी पेशीला आयुष्यभर काम करत राहावे लागते.

हे कोणी शोधून काढले?

कॅनडातील मरे बार आणि त्यांचे विद्यार्थी इवर्ट बर्ट्राम हे १९४९ मध्ये मांजरांच्या चेतापेशी पाहत होते. चेतापेशी थकल्यावर तिच्यात काय बदल होतात, एवढाच त्यांचा शोध होता. काही मांजरांच्या पेशींत केंद्रकाच्या आत एक गडद ठिपका दिसे, काहींच्या पेशींत तो मुळीच नसे. नोंदी ताडून पाहिल्यावर ठिपका असलेली मांजरे माद्या निघाली. तो ठिपका म्हणजे घट्ट आवळलेले एकच एक्स गुणसूत्र आहे, हे दाखवण्याचे काम सुसुमु ओनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा वर्षांनी, १९५९ मध्ये केले.

या दोन्ही गोष्टींना एका सूत्रात बांधले ते ब्रिटनच्या मेरी लायन यांनी. १९६१ च्या त्यांच्या शोधलेखाला जेमतेम एक पान लागले. उंदरांच्या माद्यांत केसांचे दोन रंग पट्ट्यापट्ट्यांनी दिसतात, यावरून त्यांनी मांडले की प्रत्येक पेशीत एक एक्स बंद असतो, आईकडचा की वडिलांकडचा हे पेशीगणिक वेगळे असते, आणि एकदा झालेली निवड त्या पेशीच्या साऱ्या वंशात टिकते. हाती असलेल्या मोजक्या निरीक्षणांवरून एवढी अचूक मांडणी जीवशास्त्रात क्वचितच झाली असेल.

पेशी एक अख्खे गुणसूत्र बंद कसे करते?

या कामाची सुरुवात बंद होणाऱ्या एक्सवरूनच होते. त्याच्या लांब भुजेवर, मध्यबिंदूपासून फार दूर नसलेल्या जागी, 'एक्सिस्ट' नावाचे जनुक आहे. ते १९९१ मध्ये सापडले. त्यापासून सुमारे १७,००० अक्षरांचा आरएनए (जनुकावरून उतरवलेली प्रत) तयार होतो, पण त्या आरएनएपासून कोणतेही प्रथिन बनत नाही. तो केंद्रकातच राहतो आणि ज्या गुणसूत्रावरून निघाला त्याच गुणसूत्रावर पसरतो. शेजारच्या दुसऱ्या एक्सला तो हात लावत नाही.

पसरलेला हा आरएनए एकामागून एक प्रथिनांना बोलावतो. सर्वांत आधी लागणाऱ्या प्रथिनांपैकी एक म्हणजे स्पेन. त्याचे महत्त्व २०१५ मध्ये अनेक गटांनी एकाच सुमारास दाखवले. स्पेनच्या मदतीने हिस्टोनवरच्या, जनुके चालू ठेवणाऱ्या ॲसिटिल खुणा निघतात आणि जनुके वाचणारी यंत्रणा दूर होते. हिस्टोन म्हणजे ज्यांच्याभोवती डीएनए गुंडाळलेला असतो ती प्रथिने. मग पॉलिकोंब गटातील प्रथिने येऊन हिस्टोनवर बंदीच्या वेगळ्या खुणा लावतात. शेवटी डीएनएवर, जनुकांच्या सुरुवातीच्या भागात, मिथायल गट चिकटवले जातात. या थरांमुळे गुणसूत्र आवळले जाऊन केंद्रकाच्या कडेला किंवा केंद्रिकेजवळ जाऊन बसते, आणि पेशी विभागण्यापूर्वी डीएनएची नक्कल होते तेव्हा त्याची पाळी सर्वांत उशिरा येते.

एवढे थर कशासाठी, असे विद्यार्थी विचारतात. एकच कुलूप असते तर ते कुठल्यातरी पेशीत, कधीतरी उघडलेच असते. प्रयोगशाळेत, बंदी पक्की झाल्यानंतर एक्सिस्ट काढून टाकला तरी बहुतेक जनुके बंदच राहतात, याचे कारण मागे राहिलेले हे थर आहेत.

दुसरा एक्स चालू कसा राहतो, हा याच प्रश्नाचा दुसरा भाग. उंदरात एक्सिस्टच्या उलट दिशेने वाचले जाणारे 'टिसिक्स' नावाचे जनुक आहे. ते १९९९ मध्ये सापडले आणि चालू राहणाऱ्या एक्सवर ते एक्सिस्टला रोखून धरते. माणसात ही व्यवस्था हुबेहूब तशी नाही, त्यामुळे उंदरावर पाठ केलेले उत्तर माणसासाठी लिहू नये.

कोणता एक्स बंद होणार हे कसे ठरते?

माणसात ही निवड योगायोगाने होते. गर्भ रुजण्याच्या सुमारास, पेशींची संख्या अजून थोडी असताना, प्रत्येक पेशी आपापली निवड करते. तिच्यापासून पुढे झालेल्या लाखो पेशी तीच निवड पाळतात. त्यामुळे स्त्रीचे शरीर आपल्याकडच्या वाकळीसारखे असते: काही तुकडे आईकडच्या एक्सवर चालणारे, काही वडिलांकडच्या, आणि सगळे एकत्र शिवलेले.

हे तुकडे उघड्या डोळ्यांना दिसतात का? एका आजारात दिसतात. घामाच्या ग्रंथी घडवण्यासाठी लागणारे एक जनुक एक्सवर आहे. ते बिघडलेले असेल तर मुलाला जवळजवळ घाम येत नाही, केस विरळ असतात, दात थोडे आणि टोकदार येतात. मराठवाड्याच्या मे महिन्यात अशा मुलाला भर उन्हात खेळू देणे जिवावर बेतू शकते. ओला पंचा आणि सावली हीच त्याची औषधे असतात. त्याच्या आईच्या पाठीला आयोडीन लावून, ते वाळल्यावर वर स्टार्चची पूड भुरभुरली, तर घाम येणारी जागा गडद जांभळी-काळी होते आणि घाम न येणारी जागा फिकट राहते. पाठीवर इंग्रजी व्ही अक्षरासारखे पट्टे उमटतात. गर्भावस्थेत त्वचेच्या पेशी ज्या वाटांनी सरकल्या त्या वाटा आहेत या, आणि प्रत्येक पट्टा म्हणजे एकेका मूळ पेशीने तेव्हा केलेली निवड.

सर्व सस्तन प्राण्यांत ही निवड योगायोगाने होत नाही. कांगारूंसारख्या शिशुधानी प्राण्यांत नेहमी वडिलांकडचाच एक्स बंद होतो. त्यांच्यात एक्सिस्ट नाही; तेच काम आरएसएक्स नावाचा वेगळा आरएनए करतो, हे २०१२ मध्ये समजले. उंदराच्या वारेतही वडिलांकडचाच एक्स बंद असतो.

देवणी गायीच्या अंगावरचे काळे ठिपके यामुळेच असतात का?

नाही. उदगीर-देवणीकडचे पशुपालक हा प्रश्न हमखास विचारतात, आणि उत्तर त्यांच्याच दावणीला असते: शेवरा प्रकाराच्या वळूच्या अंगावरही काळे ठिपके असतात. वळूला एकच एक्स असतो, मग एक्सच्या निवडीतून ठिपके कसे येतील? गायीगुरांचे ठिपके इतर गुणसूत्रांवरील जनुकांमुळे होतात; रंग तयार करणाऱ्या पेशी त्वचेत कुठे पोचतात आणि कुठे पोचत नाहीत, यावर ते ठरतात.

खरे उदाहरण मांजराचे आहे. नारिंगी रंगाचे जनुक मांजराच्या एक्सवर असते, म्हणून नारिंगी आणि काळा अशा दोन्ही रंगांचे तुकडे अंगावर असलेले मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. ते जनुक नेमके कोणते, हे मात्र फार उशिरा कळले: २०२५ मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठातील आणि अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील गटांनी दाखवले की एआरएचजीएपी३६ या जनुकाजवळचा सुमारे ५,००० अक्षरांचा तुकडा गळालेला असतो. तिरंगी मांजराचा पांढरा रंग मात्र वेगळ्या जनुकाचा आहे. नारिंगी-काळ्या तुकड्यांचा बोका दिसलाच, तर त्याच्यात बहुधा एक्स-एक्स-वाय अशी तीन लिंगगुणसूत्रे असतात.

गायींतही एक्सचे पट्टे कधीकधी दिसतात, पण ते रंगाचे नसतात. होल्स्टीन गायींच्या काही वंशांत माद्यांच्या अंगावर केस नसलेले उभे पट्टे असल्याचे १९५० च्या दशकात नोंदले गेले आहे. संकरित जनावरे पाळणाऱ्याने असा पट्टा पाहिला तर लगेच नायटा समजू नये. परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवून घ्यावे.

बंद झालेला एक्स महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पाहता येतो का?

येतो, आणि तो प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी पाहावा असे मला मनापासून वाटते. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पातळ पसरवून वाळवतात, लीशमनच्या रंगाने रंगवतात आणि तेल वापरून १०० पटींच्या भिंगाखाली धरतात. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचे केंद्रक अनेक पाळ्यांत विभागलेले असते. स्त्रीच्या रक्तात अशा दर शंभर पेशींमागे साधारण दोन-तीन पेशींत एका पाळीतून बारीक देठ बाहेर आलेला आणि त्याच्या टोकाला गोल, गच्च गाठ दिसते. तिला ड्रमस्टिक म्हणतात. ही गाठ म्हणजे बंद एक्स. देठ नसलेले फुगवटे मोजायचे नाहीत, आणि पंचवीस-तीस पेशी पाहून निराश व्हायचे नाही. गालाच्या आतल्या पेशींत हाच एक्स केंद्रकाच्या कडेला चिकटलेल्या ठिपक्यासारखा दिसतो. त्याला बार पिंड म्हणतात.

बार पिंड दिसला तर ती स्त्री, न दिसला तर पुरुष, असे म्हणता येते का?

असे म्हणू नये. बार पिंडांची संख्या एक्सच्या एकूण संख्येपेक्षा एकने कमी असते, एवढाच त्याचा अर्थ. एक्स-एक्स-वाय असलेल्या पुरुषात तो दिसतो, एकच एक्स असलेल्या स्त्रीत दिसत नाही, आणि तीन एक्स असलेल्या स्त्रीत दोन दिसतात. १९६८ च्या ऑलिंपिकपासून महिला खेळाडूंच्या गालातील पेशी या चाचणीसाठी तपासल्या गेल्या आणि त्यातून अन्याय झाले. स्पेन देशाची अडथळा-धावपटू मारिया होजे मार्तिनेझ-पातिन्यो हिला १९८५ मध्ये स्पर्धेबाहेर काढण्यात आले, कारण तिच्या पेशी एक्स-वाय होत्या. तिचे शरीर पुरुषी संप्रेरकाला प्रतिसादच देत नव्हते, म्हणजे त्याचा कोणताही लाभ तिला होत नव्हता. १९८८ मध्ये तिला पुन्हा मान्यता मिळाली. सरसकट तपासणी ऑलिंपिक समितीने १९९९ मध्ये थांबवली.

एक एक्स बंदच असतो, तर एकच एक्स असलेल्या मुलीला त्रास का होतो?

कारण बंद एक्स पूर्ण बंद नसतो. माणसात त्यावरची सुमारे १५ टक्के जनुके या बंदीतून सुटतात आणि आणखी काही जनुके काही स्त्रियांत सुटतात, काहींत सुटत नाहीत. एक्स आणि वाय या दोन्हींच्या टोकांना असलेली सामाईक जनुके यांत प्रमुख आहेत. स्त्री असो वा पुरुष, त्यांच्या दोन प्रती चालू असणे आवश्यक असते. त्यांतलेच शॉक्स हे हाडांच्या वाढीचे जनुक. टर्नर लक्षणसमूहात दुसरा एक्स नसतो, म्हणून शॉक्सची एकच प्रत मिळते आणि उंची खुंटते. उलट, एक्स-एक्स-वाय असलेल्या पुरुषांत या सुटलेल्या जनुकांचे प्रमाण वाढते; ते बहुधा उंच असतात.

पुरुषांमध्ये एक्स कधी बंद होतो का?

होतो, पण फक्त वृषणात आणि अगदी वेगळ्या कारणाने. शुक्राणू तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागतात. एक्स आणि वाय यांचे साम्य टोकांपुरतेच असल्याने त्यांचा बराच भाग जोडीविना उरतो. पेशी हा उरलेला भाग ओळखते, एटीआर हे प्रथिन तेथील हिस्टोनवर फॉस्फेटच्या खुणा लावते, आणि एक्स-वाय दोन्ही मिळून केंद्रकाच्या कडेला एका गडद पुंजक्यात बंद होतात. येथे एक्सिस्टची गरज लागत नाही. ही बंदी फसली तर पेशी तिथेच मरते आणि शुक्राणू तयार होत नाहीत. पुरुष वंध्यत्वाचे हे एक कारण आहे.

मग एक्सवरच्या अत्यावश्यक जनुकांचे काय? उत्क्रांतीत त्यांतील काहींच्या प्रती इतर गुणसूत्रांवर गेल्या आहेत. साखरेपासून ऊर्जा मिळवण्यासाठी लागणारे पीजीके१ हे जनुक एक्सवर आहे. ते बंद असताना वृषणात त्याची जागा पीजीके२ घेते.

मुलगा की मुलगी, हे एक्स बंद होण्यावर ठरते का?

अजिबात नाही. ते शुक्राणूतून एक्स आला की वाय, यावर गर्भधारणेच्या क्षणीच ठरलेले असते. एक्स बंद होणे हा त्यानंतरचा टप्पा आहे. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणे विज्ञानाच्या कोणत्याही कसोटीवर टिकत नाही.

हिमोफिलियाच्या वाहक स्त्रीला स्वतःला त्रास होत नाही, हे खरे आहे का?

हे अर्धवट खरे आहे, आणि या अर्धवट माहितीमुळे आपल्या भागात स्त्रियांचे मोठे नुकसान होते.

रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर ८ आणि फॅक्टर ९ यांची जनुके एक्सवर आहेत. फॅक्टर ८ चे जनुक बिघडले की हिमोफिलिया ए होतो. तो साधारण ५,००० मुलग्यांमागे एकाला असतो. वाहक स्त्रीत एक एक्स चांगला आणि एक बिघडलेला असतो, त्यामुळे तिच्या फॅक्टरचे प्रमाण सरासरीने निम्मे येते. मात्र ही सरासरी आहे. फॅक्टर बनवणाऱ्या पेशींत निवड योगायोगाने चांगल्या एक्सच्या विरुद्ध झुकली असेल, तर प्रमाण २० टक्के किंवा त्याहूनही खाली असू शकते. ४० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर आता तिला केवळ वाहक न म्हणता सौम्य हिमोफिलियाची रुग्ण मानतात.

अशा बाईची पाळी आठ-दहा दिवस चालते, दात काढल्यावर रक्त थांबत नाही, बाळंतपणानंतर अंगावरून फार जाते. 'बाईमाणसाला एवढे चालायचेच' असे म्हणून घरात ते झाकले जाते, हिमोग्लोबिन घसरते, आणि ऊसतोडीच्या हंगामात तीच बाई रक्ताच्या गोळ्या खात मोळ्या वाहते. मुलाच्या आजाराची फाइल घरात जपून ठेवलेली असते. आईच्या नावाची फाइल कधी काढलेलीच नसते. मुलाला हिमोफिलिया असेल तर आईचा, मावशीचा आणि बहिणीचा फॅक्टर मोजून घेतलाच पाहिजे.

बहिणी-बहिणींत किंवा जुळ्या मुलींत फरक का पडतो?

दोघींना तोच बिघडलेला एक्स मिळाला, तरी प्रत्येकीच्या गर्भातील निवड स्वतंत्र होते. एकसारख्या जुळ्या मुलींपैकी एकीला स्नायूंचा ड्युशेन आजार झाला आणि दुसरी निरोगी राहिली, अशी उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

ल्युपससारखे आजार स्त्रियांना जास्त का होतात?

ल्युपस म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार. त्याच्या दर दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया असतात. त्यात संप्रेरकांचा वाटा आहेच, पण एक्सचाही दिसतो. टीएलआर७ हे रोगप्रतिकाराचे जनुक काही पेशींत बंदीतून सुटते आणि दुप्पट काम करते. एक्स-एक्स-वाय पुरुषांनाही हा आजार इतर पुरुषांपेक्षा जास्त होतो. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने नर उंदरांत एक्सिस्ट चालू केला, तेव्हा त्यांच्यातही अशा आजाराची प्रवृत्ती वाढली; म्हणजे एक्सिस्टभोवती जमणारी प्रथिनेच शरीराला परकी वाटत असावीत.

बंद एक्स पुन्हा चालू करता येईल का?

निसर्ग ते करतोच: स्त्रीबीज घडवणाऱ्या पेशींत बंद एक्स पुन्हा जागा होतो, म्हणून आई आपल्या दोन्हींपैकी कोणताही एक्स कामाच्या स्थितीत अपत्याला देऊ शकते. रेट लक्षणसमूह (एक्सवरचे एक जनुक बिघडल्याने होणारा मेंदूचा आजार) असलेल्या मुलींच्या मेंदूत, ज्या पेशींनी बिघडलेला एक्स चालू ठेवला, त्यांतही चांगले जनुक बंद एक्सवर पडून असते. ते जागे करण्याचे प्रयोग प्राणी आणि पेशींवर चालू आहेत. रुग्णासाठी औषध म्हणून त्यांतले काही मिळत नाही, त्यामुळे तसा दावा करणाऱ्याला पैसे देऊ नयेत. उलट दिशेचा प्रयोगही झाला आहे: २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये जीन लॉरेन्स यांच्या गटाने डाऊन लक्षणसमूहाच्या पेशींत जादा २१ व्या गुणसूत्रावर एक्सिस्ट बसवला आणि ते गुणसूत्र बंद झाले.

वाहक आहे का, हे तपासायला जाताना काय ध्यानात ठेवावे?

वडिलांना हिमोफिलिया असेल तर त्यांच्या सगळ्या मुली वाहक असतातच. त्यासाठी चाचणी लागत नाही, फॅक्टर किती आहे एवढेच पाहावे लागते. इतर नात्यांत मात्र फॅक्टर पुरेसा आला म्हणून वाहक नाही असे ठरत नाही, तेव्हा जनुकीय तपासणी करावी लागते. ती सोपी व्हावी म्हणून आधी रुग्ण मुलाचा अहवाल सोबत न्यावा. गरोदरपणात फॅक्टर ८ आपोआप वाढतो, त्यामुळे मोजणी शक्यतो लग्नानंतर दिवस राहण्याआधीच करून घ्यावी, आणि बाळंतपणानंतर तो पुन्हा उतरतो हे प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगावे. गर्भाची तपासणी करायची झाल्यास ती नोंदणीकृत केंद्रातच होते आणि लिंग सांगण्यास कायद्याने बंदी आहे.

फॅक्टर ८ हे प्रथिन नाजूक असते. गावच्या लॅबमध्ये रक्त काढून, उन्हाळ्यात पिशवीत घालून एसटीने पाठवलेल्या नमुन्यात ते वाटेतच कमी होते आणि अहवाल चुकीचा येतो. म्हणून जिथे मोजणी होते तिथेच जाऊन, सकाळी, सायट्रेट असलेल्या निळ्या झाकणाच्या नळीत रक्त द्यावे, आणि नळी खुणेपर्यंत पूर्ण भरली आहे ना, हे तिथेच पाहून घ्यावे.